मनाच्या कचेरीत

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्या घरांतून इतकी सहज वावरते, की तिच्यात काही तत्त्वचिंतन दडले असेल असा संशयही आपणांस येत नाही. दिवेलागण होऊन गेली, बाहेरगावी गेलेला मुलगा अजून परतला नाही, आणि ओसरीवर बसलेल्या आजीच्या डोळ्यांपुढे उलटलेल्या गाड्या व अनोळखी निरोपे दिसू लागले, म्हणजे घरातले कोणीतरी ही म्हण उच्चारते आणि तेवढ्याने विषय मिटला असे सर्वांना वाटते. वस्तुतः तो तेथे सुरू व्हावयास हवा. वैरी झाला तरी त्याला वैर परवडावे लागते. त्याला खर्च असतो, थकवा असतो, रात्र पडली की झोप असते. मनाला यांपैकी कशाचीच अडचण नाही. तेव्हा जो विचार मला दिवसरात्र छळतो त्याला घराबाहेर काढण्याचा मला अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या आधारावर, तो विचार मला दुःख देतो म्हणून की तो खोटा आहे म्हणून, हा प्रश्न नीतीचा आहे, ज्ञानमीमांसेचा आहे, आणि मोक्षाचा मार्ग मनातूनच जातो असे मानणाऱ्या आपल्या परंपरेत तर तो धर्माचाही आहे.

या प्रश्नाला गेल्या शतकात ज्याने व्यवहारी वळण दिले तो आरन बेक हा फिलाडेल्फिया शहरातील मनोवैद्य मूळचा फ्रॉइडच्या संप्रदायात दीक्षित झालेला होता. विषण्ण मनुष्य हा इतरांवरचा क्रोध स्वतःकडे वळवून घेतो, या सिद्धांताला आधार मिळावा म्हणून त्याने विषण्ण रुग्णांची स्वप्ने तपासावयास घेतली. परंतु तेथे त्याला क्रोध अपेक्षेइतका आढळेना, आढळली ती हानी, हार आणि नकार यांचीच चित्रे. पुढे असेही त्याच्या ध्यानात आले, की रुग्ण वैद्यापुढे जे बोलत असतो त्याच्या खालून विचारांचा दुसराच एक प्रवाह चाललेला असतो. एक स्त्री आपल्या आयुष्यातील प्रसंग सांगताना अस्वस्थ होई, आणि त्या अस्वस्थतेचे कारण प्रसंगांत नसून ‘माझ्या बोलण्याने हे कंटाळत असतील’ या मनातल्या मनात उमटणाऱ्या वाक्यात होते. आपोआप उमटणाऱ्या या वाक्यांना बेकने ‘स्वयंचलित विचार’ म्हटले, त्यांना तपासणीसाठी उजेडात आणण्याची रीत बसवली, आणि 1979 साली तीन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या विषण्णतेवरील ग्रंथात ती सविस्तर मांडली. आज कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, अथवा मराठीत बोधात्मक वर्तनोपचार, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा हा एक मुख्य उगम होय.

या पद्धतीचे मर्म मला उमगले ते मात्र कोणत्या ग्रंथातून नव्हे. माझे एक मावसभाऊ, वयाने माझ्याहून बरेच वडील, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आम्ही सर्व त्यांना नाना म्हणत असू. निवृत्तीच्या आदल्या वर्षी वहिनी तापाच्या निमित्ताने गेल्या, आणि त्यानंतर नानांचे जेवण तुटले, झोप गेली, बोलणे जवळजवळ बंद झाले. मुलाने आग्रहाने त्यांना एका मनोवैद्याकडे नेले. त्यांनी औषध दिलेच, परंतु त्याबरोबर एक वही लिहावयास सांगितली. काही महिन्यांनी मी भेटीस गेलो तेव्हा नानांनी ती माझ्यापुढे सरकवली. लाल खारव्याच्या बांधणीची लांबट वही, रुळाने आखलेली सात घरे, आणि प्रत्येक घरात कचेरीतले ते टपोरे, शाईचा डाग पडू न देणारे अक्षर. पहिल्या घरात प्रसंग, दुसऱ्यात भावना आणि तिचे शंभरांपैकी मोजमाप, तिसऱ्यात त्या वेळी मनात आलेला विचार, चौथ्यात त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, पाचव्यात विरुद्ध बाजूचा, सहाव्यात दोन्ही बाजू पाहून काढलेला समतोल निष्कर्ष, आणि सातव्यात भावनेचे पुन्हा मोजमाप. ‘‘पस्तीस वर्षे लोकांच्या तक्रारींची दप्तरं सांभाळली,’’ नाना म्हणाले, ‘‘पण स्वतःची फिर्याद कधी कागदावर घेतली नव्हती रे.’’

त्या एका वाक्याने जणू माझ्यापुढे साऱ्या पद्धतीची कैफियत वाचून दाखवली गेली. आपल्या मनाच्या कचेरीत रात्री जे खटले चालतात त्यांत फिर्यादी मन, वकील मन, पंच मन आणि निकाल देणारा मुनसफही मनच. आरोपीला मात्र वकील नाही, साक्षीदार बोलावण्याची मुभा नाही, आणि कोणत्या कलमाखाली आरोप आहे हेही त्याला धड सांगितले जात नाही. अशा न्यायालयाचा हुकूमनामा आपण दिवसा कोणाच्याही बाबतीत मानणार नाही, आणि रात्री स्वतःच्या बाबतीत निमूटपणे शिरसावंद्य करतो. वहीतली ती सात घरे म्हणजे या कचेरीला लावलेला दिवाणी शिरस्ता होय. विचाराला येऊ नको असे ती म्हणत नाही. तू आलास, ठीक आहे, तुझे म्हणणे लेखी दे, पुरावा दाखल कर आणि विरुद्ध पक्षाचे ऐकून घे, एवढेच ती म्हणते.

लेखी म्हणणे घेतले म्हणजे युक्तिवादातील ठराविक दोष दिसू लागतात. एका परीक्षेत, एका व्यवहारात, एका संबंधात अपयश आले की सारे आयुष्य फुकट गेले असा निष्कर्ष काढणारा मनुष्य शितावरून भाताची परीक्षा करीत असतो; परंतु एका भांड्यातली सारी शिते एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेली असतात म्हणून ती परीक्षा तेथे खरी ठरते, आयुष्यातले दिवस तसे एका आचेवर शिजत नाहीत, हे तो विसरतो. कोणी दुसऱ्याच्या मनातले आपणांस कळते असे धरून चालतो, कोणी सुतावरून स्वर्ग गाठावा तसा एका खोकल्यावरून क्षयापर्यंत पोहोचतो, कोणी पावसाने मोडलेल्या मांडवाचा दोषही आपल्याच अंगाला लावून घेतो.

बेकच्याही आधी, 1955 च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट एलिस याने हाच शोध वेगळ्या बाजूने मांडला होता, आणि मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून तो मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला. विवेकनिष्ठ मानसोपचार या त्याच्या मराठी नावातला ‘विवेक’ हा शब्द आपल्या वेदान्त्यांना आणि संतांना किती जवळचा आहे हे सांगावयास नको. इच्छा मनुष्याला दुःखी करीत नाही, इच्छेचा हुकूम झाला म्हणजे तो दुःखी होतो, हे एलिसचे म्हणणे समजण्यास मराठी मनुष्याला तर एक अक्षर पुरे आहे. ‘मला यश मिळावे’ हे वाक्य आणि ‘मला यश मिळालेच पाहिजे’ हे वाक्य यांच्यामध्ये जो ‘च’ बसला आहे, तो आपल्या भाषेतील सर्वांत लहान आणि सर्वांत जुलमी अंमलदार होय. पहिल्या वाक्यातून अपयशानंतर खेद निघतो आणि दुसऱ्यातून सर्वनाश. एलिस स्वतः या विचाराचे श्रेय फ्रिजियातील हायरापोलिस येथे गुलामगिरीत जन्मलेल्या एपिक्टेटसला देत असे. मनुष्यास व्याकूळ करणारी गोष्ट ही घटना नसून तिच्याविषयीचे त्याचे मत होय, ही त्या लंगड्या गुलामाची शिकवण त्याचा शिष्य एरियन याने उतरून घेतली नसती, तर ती निकोपोलिसच्या पाठशाळेतच विरून गेली असती.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. दुःखद विचार काढून सुखद विचार भरणे ही आत्मवंचना नव्हे काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील एमिल कुए नावाचा औषधविक्रेता, आपण दिवसेंदिवस उत्तम होत आहोत असे रोज घोकावयास लोकांना शिकवीत असे आणि त्याची कीर्ती समुद्रापार गेली होती. घोकंपट्टीने मनाला गोड लाच देण्याच्या त्या मार्गाचीच ही शास्त्रीय आवृत्ती असेल, तर ज्याला सत्याची चाड आहे त्याने तिच्यापासून दूर राहिलेले बरे. निरुपयोगी म्हणून विचार टाकावयाचा ठरला, तर उद्या सदसद्विवेकाची टोचणीही निरुपयोगी ठरेल, आणि लाच खाऊन शांत झोपणारा अधिकारी हाच मानसिक आरोग्याचा आदर्श होऊन बसेल.

या आक्षेपाचे उत्तर मला एका क्षुल्लक प्रसंगात मिळाले. एका गावच्या वाचनालयात माझे व्याख्यान होते, आणि ते ऐन रंगात आले असे मला वाटत असतानाच दुसऱ्या रांगेत बसलेले एक वयस्क गृहस्थ उठले, धोतराचा सोगा सावरीत माझ्यासमोरून चालत गेले, आणि परत आले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही. व्याख्यान पोकळ होते, सर्वांना ते कळले, इतरांनी केवळ सौजन्य म्हणून बसून घेतले, अशी एकातून एक वाक्ये उगवत राहिली. अखेर नानांच्या वहीची आठवण होऊन मी एका पाठकोऱ्या कागदावर घरे आखली. बाजूचा पुरावा: ते उठून गेले. विरुद्ध पुरावा: उरलेले बसले होते, परंतु लोक सौजन्यानेही बसतात. मग त्यांनी का उठावे? प्रकृती, घरची निकड, शेवटची एस्. टी., की खरोखरच माझे कंटाळवाणे बोलणे? सहाव्या घरात मला प्रामाणिकपणे लिहिता आले ते एवढेच: ‘मला माहीत नाही.’ ते गृहस्थ का उठले हे मला आजतागायत कळलेले नाही. ‘व्याख्यान उत्तमच झाले’ असे मी त्या घरात लिहिले असते तर ती कुएची घोकंपट्टी झाली असती. मला झोप आली ती गोड वाक्याने नव्हे. दाव्याला पुरावा नसेल तर तो काढून टाकता येतो, त्यासाठी उलट दावा सिद्ध करावा लागत नाही, या न्यायाने आली.

आपल्या दर्शनकारांना हा न्याय अपरिचित नव्हता. अंधारातील दोरीवर सर्प पाहणारा मनुष्य घाबरतो तेव्हा त्याची भीती पूर्णपणे खरी असते, घाम खरा असतो, छातीतली धडधड खरी असते. खोटा असतो तो फक्त सर्प. त्याला धीर देऊन उपयोग नाही, कारण धैर्याने सर्प जात नाही. दिवा आणावा लागतो. पतंजलीने चित्ताच्या वृत्ती पाच सांगितल्या आणि त्यांत विपर्यय म्हणजे मिथ्या ज्ञान आणि विकल्प म्हणजे ज्याच्यामागे वस्तू नाही असे निव्वळ शब्दज्ञान यांना वेगवेगळी आसने दिली. ‘मी नालायक आहे’ या वाक्याकडे पाहताना मला ही विभागणी विलक्षण मार्मिक वाटते. कारण ‘मी उशीर केला’ यामागे घटना असते, ‘नालायक’ या शब्दामागे दाखविता येईल अशी कोणतीच वस्तू नसते. तो शुद्ध विकल्प होय. बौद्धांच्या मज्झिमनिकायात तर वितर्कांना शांत करण्याच्या पाच रीती क्रमाने सांगणारे एक स्वतंत्र सुत्तच आहे: सुतार जशी बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो तसे कुशल विचाराने अकुशल विचाराला काढावे, त्याने न जमल्यास त्याचे दुष्परिणाम न्याहाळावेत, तरीही न जमल्यास तिकडे लक्षच देऊ नये, मग तो कोठून उठतो ते पाहत त्याला मंदावत न्यावे, आणि सर्व उपाय थकल्यावरच दातावर दात रोवून मनाने मनाला दडपावे. दडपण्याचा उपाय सर्वांत शेवटी ठेवण्यात केवढे शहाणपण आहे! समर्थांनीही मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले, आणि त्याला दटावतानासुद्धा ते त्याला सज्जन म्हणावयास विसरले नाहीत. फरक नाही असे मात्र नव्हे. पतंजली हिंसा, असत्य इत्यादींच्या वितर्कांवर प्रतिपक्षभावना सांगतो आणि त्याची दृष्टी कैवल्यावर असते. बेकची दृष्टी, हा मनुष्य सोमवारी कामावर जाऊ शकेल काय, येथवर पोहोचून थांबते. एक नदी पार करण्याची नाव आहे, दुसरी नदीतील भोक पडलेल्या नावेची डागडुजी आहे. परंतु भोक बुजल्यावाचून पैलतीराची भाषा कोणी करू नये, हेही खरेच.

पतंजलीने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, आणि तिच्यापाशी आपला प्रश्न खरोखर कठीण होतो. पाचही वृत्ती क्लिष्ट असू शकतात आणि अक्लिष्टही. त्या पाचांत पहिली वृत्ती प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञान ही आहे. म्हणजे खरा विचारसुद्धा क्लेश देणारा असू शकतो. दोरी नव्हती, सर्पच होता, असे दिव्याच्या उजेडात दिसले तर?

नानांच्या वहीत असे एक पान होते. तिसऱ्या घरात चारच शब्द: ‘मी तिला मारून टाकले.’ चौथ्या घरात त्यांनी स्वतःवर कसलीही दया न दाखवता लिहिले होते: ‘ताप मंगळवारी आला. डॉक्टर शुक्रवारी आणला. मधले दिवस मार्चअखेरच्या हिशेबात गेले.’ पाचव्या घरात: ‘बुधवारी ताप उतरला होता. तिने स्वतः भाकरी केल्या. डॉक्टर नको, असे तीही म्हणाली. मंगळवारी आणले असते तरी निश्चित सांगता आले नसते, असे डॉक्टरांचे म्हणणे.’ आणि सहाव्या घरात, पुष्कळ खाडाखोडीनंतर, त्या निष्कलंक वहीतली ती एकच खाडाखोड: ‘उशीर झाला. मारले नाही.’

अपराधाच्या बाबतीत आपले स्मृतिकार आधुनिक वाचकाला वाटतात तितके निष्ठुर नव्हते, असे मला हे पान वाचून प्रथमच वाटले. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा 1953 साली निघालेला चौथा खंड चाळावा. पातकांच्या आणि प्रायश्चित्तांच्या त्या याद्या आज काही ठिकाणी विचित्र आणि काही ठिकाणी अन्याय्य वाटतात, यात शंका नाही. परंतु त्या याद्यांतील एक गोष्ट दुर्लक्षिली जाते: प्रायश्चित्ताला माप आहे आणि शेवट आहे. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे. तीन दिवस फक्त सकाळी जेवावे, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच, आणि तीन दिवस उपवास. तेराव्या दिवशी तो मनुष्य पुन्हा पंक्तीला बसतो. विषण्ण मन जी शिक्षा स्वतःला फर्मावते तिला ना माप असते ना मुदत. ते कृत्याला शिक्षा देत नाही, कर्त्यालाच जन्मठेप देते. म्हणून खरा विचार पुढे आला असता उपचारकाने तो खोटा पाडण्याच्या भरीस पडू नये. घटना कबूल करावी, तिच्यावर मनाने चढवलेले फाजील कलम काढून टाकावे, आणि जे उरेल त्याचे परिमार्जन कोणत्या कृतीने होईल ते पाहावे. मनाला समजूत नको असते, न्याय हवा असतो, आणि प्रमाणाबाहेरची शिक्षा हा न्यायाचा अतिरेक नसून त्याचा अभाव होय.

मग या कचेरीत अखेरचा मुनसफ कोण? टिळकांनी गीतारहस्यात मनाचा संकल्पविकल्प आणि बुद्धीचा व्यवसाय म्हणजे निश्चय यांची कामे वेगवेगळी करून दाखवली आहेत, आणि वहीची पद्धत म्हणजे मनाचे अर्ज बुद्धीपुढे रीतसर रुजू करणे, असे म्हणता येईल. वेदान्ती मात्र त्याही पलीकडे बोट दाखवतो. लोकव्यवहारात साक्षीदार बोलतो. वेदान्तातला साक्षी बोलत नाही, बाजू घेत नाही, तो केवळ खटला चाललेला पाहतो. या शतकाच्या आरंभी सीगल, विल्यम्स आणि टीझडेल यांनी बौद्ध ध्यानपद्धतीची बेकच्या उपचाराशी सांगड घालून, विचाराशी वाद घालण्याऐवजी ‘हा एक विचार आहे’ एवढे ओळखून त्याला येऊ द्यावे आणि जाऊ द्यावे, असा मार्ग आखला, तेव्हा नकळत ते याच साक्षीच्या उंबरठ्यावर आले होते. विषय सुटण्याजोगा असेल तेव्हा मुनसफ हवा. तोच खटला शंभराव्यांदा उभा राहिला असेल तेव्हा साक्षी बरा.

मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या दारावर जप्तीची नोटीस चिकटली आहे त्याच्या हाती सात घरांची वही देऊन ‘तुमचा विचार तपासा’ म्हणणे ही क्रूर थट्टा होय. त्याचा विचार बिनचूक आहे, चूक आहे ती परिस्थिती. आणि काही विचार असे असतात की ते एका मनात उगवलेलेच नसतात, पिढ्यान्पिढ्या बाहेरून पेरलेले असतात. तू हीन आहेस, हा विचार खोडण्यासाठी खाजगी वही पुरत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, तेव्हा तो पेरलेला विचार लाखोंनी एकाच वेळी, उघड्यावर, मोठ्या आवाजात फेटाळला. गुलाम एपिक्टेटसने मत बदलून शांती मिळवली हे थोर; परंतु गुलामगिरी मताने नष्ट होत नाही.

नानांच्या वहीची शेवटची पाने मी अलीकडे पुन्हा पाहिली. पहिल्या पानांवर भावनेच्या घरात एकच नोंद असे: ‘अपराध, 100.’ आठवड्यामागून आठवडे तो आकडा हलत नव्हता. मग एका पानावर त्या घराचे दोन भाग केलेले दिसतात: ‘अपराध, 30. शोक, 70.’ आणि समासात लाल शाईने शेरा: ‘रक्कम चुकीच्या खाती पडली होती, योग्य खाती वर्ग केली.’ ‘‘बेरीज तेवढीच राहिली म्हणून डॉक्टर जरा हिरमुसले,’’ नाना म्हणाले, ‘‘पण बेरीज कमी करायची कुणाला होती? बत्तीस वर्षांचा संसार झाला आमचा.’’ पुढे अपराधाच्या खात्यावरचा आकडा उतरत उतरत गेला आणि एके दिवशी ते खाते त्यांनी दुहेरी रेघ ओढून बंद केले. शोकाचे खाते त्यांनी बंद केलेले नाही. प्रत्येक नव्या पानाच्या पहिल्या ओळीवर, त्याच टपोऱ्या अक्षरात, मागील बाकी पुढे ओढलेली आहे.